पाडवा ते पोळा : नागपूरच्या घरात टँग मासा

नागपूर आणि मुंबई यांना जोडणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांब आहे. समुद्रापासून एवढ्या दूर, विदर्भाच्या कोरड्या उन्हात, दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत समुद्रातला मासा जगवायचा म्हणजे हौसेच्या जोडीला हिशेबही पक्का हवा. गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना हे गोड्या पाण्यातले मासे आता घरोघरी ओळखीचे झाले आहेत. ‘फाइंडिंग निमो’ (२००३) आणि ‘फाइंडिंग डोरी’ (२०१६) या चित्रपटांनी मुलांच्या हट्टात आणखी दोघांची भर घातली. एक नारिंगी-पांढरा क्लाउनफिश आणि दुसरा निळ्या अंगाचा, पिवळ्या शेपटीचा टँग. क्लाउनफिश सांभाळणे त्यातल्या त्यात सोपे. टँगचे तसे नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याची धास्ती घेऊन बरेच जण टँगचा विचार सोडून देतात. पण टाकीची खरी कसोटी मे महिन्यात लागत नाही, ती जूनमध्ये लागते. असे का, हे कळायला आधी हा मासा समजून घ्यावा लागतो.

दिवसभर चरणारा मासा

टँग हे सर्जनफिश कुळातले मासे. या कुळात ऐंशीहून अधिक जाती आहेत. दोन्ही बाजूंनी चपटे अंग, पुढे आलेले लहानसे तोंड आणि शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे धारदार काटा, ही त्यांची ओळख. भांडणात मासा शेपूट झटकतो आणि समोरच्याचे अंग चिरतो. जाळीने पकडायला गेले तर हाच काटा जाळीत अडकतो आणि सोडवणाऱ्याचे बोटही कापतो. म्हणून टँगला हलवायचे तर प्लॅस्टिकच्या डब्यात पाण्यासकट घेतात.

दुकानात पाच-सहा सेंटिमीटरचे पिल्लू दिसते आणि तिथेच पहिली फसगत होते. पिवळा टँग वाढून २० सेंटिमीटरचा होतो. चित्रपटातला निळा टँग ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, तर नासो टँग ४५ सेंटिमीटरपर्यंत. लक्षद्वीप आणि मालदीवच्या प्रवाळांवर आढळणारा पावडर ब्लू टँग दिसायला सर्वांत देखणा, पण घरच्या टाकीत तितकाच नाजूक. आयुष्यही मोठे. हवाईच्या समुद्रात पिवळे टँग चाळीस वर्षांच्या आसपास जगल्याची नोंद आहे. म्हणजे शाळकरी मुलासाठी आणलेला मासा नीट सांभाळला, तर त्या मुलाच्या लग्नालाही असायला हरकत नाही.

समुद्रात टँगचा दिवस खडकावरचे शेवाळ खुडण्यात जातो. शेवाळात पोषण कमी, म्हणून खाणे सतत. त्याचे लांबलचक आतडे याच कामासाठी घडले आहे आणि त्या आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते. तांबड्या समुद्रातल्या एका सर्जनफिशच्या आतड्यात १९८५ मध्ये एक सूक्ष्मजीव सापडला. तो अर्ध्या मिलिमीटरहून लांब, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा होता. इतका मोठा जीव जिवाणू असू शकेल असे कुणाला वाटले नाही. तो जिवाणूच आहे हे सिद्ध व्हायला १९९३ साल उजाडले.

टँग राहतो तो भाग लाटांचा. तिथे पाणी सतत घुसळलेले, प्राणवायूने भरलेले. शिवाय तो एका जागी बसणारा मासा नाही, दिवसभर लांब पल्ल्याच्या फेऱ्या मारतो. खायला सतत शेवाळ, श्वासाला भरपूर प्राणवायू आणि पोहायला लांब जागा, या त्याच्या तीन गरजा. टाकीचा पुढचा सगळा हिशेब त्यांवरच बेततो.

पाच फूट आणि अर्धा टन

टँगसाठी टाकीच्या उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे ४२५ लिटर पाणी मावते. तपकिरी रंगाचा स्कोपास टँग किंवा पिवळा टँग, यांपैकी एकासाठी ही टाकी पुरते. निळ्या टँगला सहा फुटांहून लांब टाकी लागते, म्हणून पाच फुटांच्या टाकीत डोरी आणू नये. सारख्या आकाराचे दोन टँग एकत्र ठेवले तर काट्याची लढाई ठरलेली. एकच ठेवावा आणि तोही इतर सगळे मासे रुळल्यावर शेवटी सोडावा. आधी आलेला टँग सगळी टाकी आपलीच समजतो आणि नंतर येणाऱ्याला टिकू देत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी वजनाचाही विचार करावा. ४२५ लिटर खारे पाणी सुमारे ४३५ किलो भरते. काच, दगड आणि लोखंडी स्टँड धरले तर एकूण भार अर्ध्या टनाच्या पुढे जातो, तोही जेमतेम एक चौरस मीटर जागेवर. आपल्याकडे घरांच्या स्लॅबचे गणित साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून केलेले असते. म्हणून एवढी टाकी खोलीच्या मधोमध ठेवू नये. बीमच्या वर, भिंतीला लागून ठेवावी आणि त्याआधी स्थापत्य अभियंत्याला विचारावे. तळमजल्याचे घर असेल तर हा प्रश्न बहुधा उरत नाही.

समुद्र घरीच करायचा

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर, अगदी समुद्राच्या काठी उघडले. नागपूरकराला समुद्र घरीच तयार करावा लागतो. त्यासाठी स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही, मिठागरातले खडे मीठही चालत नाही. मिठागरात समुद्राचे पाणी आटते तेव्हा आधी चुना आणि जिप्सम खाली बसतात, मग साधे मीठ बसते, आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतात. ते पाणी वेगळे काढले जाते. मीठ खायला चांगले होते, पण त्यात समुद्र उरत नाही. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइडखेरीज सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि ०.४ ग्रॅम कॅल्शियम असते. मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या तयार मिश्रणात हे सगळे योग्य प्रमाणात असते. ४२५ लिटरच्या टाकीला पहिल्यांदा सुमारे १५ किलो मिश्रण लागते. पुढे दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे म्हटले तर वर्षाला साधारण ७५ ते ८० किलो. टाकी विकत घेताना हा खर्च कुणी मोजत नाही, आणि पुढे तोच जाचतो.

मिसळायचे पाणीही साधे नको. पेंच आणि कन्हानचे पाणी शुद्ध होऊन नळाला येते ते माणसाला पिण्यासाठी, आणि त्यात क्लोरीन असते. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे पाणीही तसेच वापरू नये, कारण त्यातली बरीच यंत्रे चवीसाठी खनिजे पुन्हा पाण्यात सोडतात. आरओनंतर आयन शोषणारी राळ जोडलेले यंत्र घ्यावे. टीडीएस मीटरवर आकडा शून्याजवळ आला की पाणी मिश्रणाला तयार. मिश्रण प्लॅस्टिकच्या पिंपात करावे. घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना खारे पाणी लागू देऊ नये. तांब्याचा लहानसा अंशही गोगलगायी, कोळंबी यांच्यासारख्या बिनकण्याच्या जीवांना मारतो.

पाणी भरले म्हणून लगेच मासा सोडता येत नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे त्याचे नायट्रेट करतात. पहिली दोन्ही रसायने माशाला घातक, तिसरे बरेच सौम्य. हे जिवाणू दगडांवर आणि फिल्टरमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. चाचणी संचावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, की पहिला मासा आणावा. तो टँग नसावा.

कूलरचे शास्त्र

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. टँगला हवे असते २४ ते २७ अंश. हे अंतर पाहून कुणीही हात टेकेल. पण नागपूरकर वर्षानुवर्षे ज्या युक्तीने उन्हाळा काढतो, तीच युक्ती इथे कामी येते. पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. खसच्या ताट्यांचा कूलर यावर चालतो, आणि टाकीच्या पृष्ठभागावर तिरपा झोत टाकणारा छोटा पंखाही यावरच चालतो. लिटरभर पाणी उडताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. आपली ४२५ लिटरची टाकी एक अंशाने थंड करायला सुमारे १,७०० किलोज्यूल लागतात. म्हणजे एक लिटर पाणी उडाले तर टाकी जवळपास दीड अंशाने उतरू शकते. खोलीतली आणि पंपातली उष्णता सतत पाण्यात शिरत असते, त्यामुळे प्रत्यक्षात उतार कमी पडतो. तरीही तो लक्षात येण्याइतका असतो.

अशा तऱ्हेने पाणी किती थंड होऊ शकेल याची एक मर्यादा असते आणि ती हवेतल्या दमटपणावर ठरते. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक जो आकडा दाखवतो, तीच ही मर्यादा. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर मर्यादा सुमारे २४ अंश येते. मुंबईत त्याच महिन्यात हवा ३३ अंशांवर असते, पण आर्द्रता ७० टक्के, आणि मर्यादा २८ अंशांच्या आसपास. पंख्याने टाकी थंड ठेवण्यापुरते बोलायचे तर नागपूरचा मे मुंबईच्या मेपेक्षा सोपा आहे.

रोहिणी नक्षत्र लागले, नवतपा तापला, तरी हवा कोरडी असते तोवर पंखा साथ देतो. पण मृगाच्या आगेमागे वारा फिरतो. हवा अजून ३८ अंशांवर आणि आर्द्रता ५० टक्क्यांवर, अशा दिवसांत मर्यादा २८ अंशांच्या वर जाते. पंखा कितीही फिरला तरी टाकी त्याखाली उतरत नाही. पाऊस सुरू झाल्यावर हवा ३० अंशांवर येते आणि आपल्याला हायसे वाटते, पण आर्द्रता ८५ टक्के झाली की मर्यादा २८ अंशांवरच राहते. त्यात पंप आणि दिव्याची उष्णता मिसळून टाकी २९-३० अंशांवर आठवडेच्या आठवडे अडकते. जूनची कसोटी म्हणतात ती हीच. इथे चिलर हवा, किंवा टाकीच्या खोलीत एसी. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीतच ओततो, म्हणून तो बंद कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. त्याला मोकळी हवा लागते.

कूलर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. कूलर आणि टाकी एकाच बंद खोलीत असतील तर कूलर हवा दमट करतो आणि टाकीवरचा पंखा निकामी होतो. खिडकी उघडी ठेवून हवा बाहेर जाऊ दिली, तर दोघेही आपापले काम करतात.

तापमानाचा धाक कशासाठी, तर प्राणवायूसाठी. समुद्राच्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांवर लिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम, ३२ अंशांवर सुमारे ६. त्याच वेळी उष्णतेने माशाची गरज वाढलेली असते. वीज गेली, पंप थांबले, तर टँग सर्वांत आधी धापा टाकू लागतो. म्हणून इन्व्हर्टरवर पहिला हक्क पाणी हलवणाऱ्या पंपाचा. दिवा बंद राहिला तरी चालतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा आणि फ्रीजरमध्ये पाण्याच्या बंद बाटल्या गोठवून ठेवाव्यात. अडचणीच्या वेळी त्या टाकीत तरंगत ठेवता येतात, मात्र तापमान हळूहळू उतरेल अशा बेताने.

उडालेल्या पाण्याचा हिशेब वेगळा. उडते ते पाणी, मीठ मागे राहते. टाकीतून ४० लिटर पाणी उडून गेले आणि भर घातली नाही, तर खारेपणा लिटरमागे ३५ ग्रॅमवरून साडेअडतीस ग्रॅमच्या पुढे जातो. उन्हाळ्याच्या सुटीत आठवडाभर गावी गेलेल्या घरात हे सहज घडते. ही भर रोज, आरओच्या गोड्या पाण्याने घालावी. खारे पाणी ओतले तर मीठ आणखी वाढते. पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारे यंत्र मिळते. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याचा खर्च सार्थकी लागतो.

हिवाळा त्यामानाने सुखाचा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा कधी कधी दहाच्या खाली जातो, म्हणून हीटर लागतोच. तीनशे वॉटचा एक घेण्यापेक्षा दीडशेचे दोन घ्यावेत. एकाचा थर्मोस्टॅट अडकला तरी सगळी टाकी उकळत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा निभावून नेतो.

ताट आणि दुखणे

टँगला रोज शेवाळ हवे. सुशीसाठी मिळणारी, तेल-मीठ न लावलेली नोरी क्लिपने काचेला अडकवावी, म्हणजे तो दिवसभर कुरतडत राहतो. नुसत्या कोळंबीवर किंवा स्वस्त दाण्यांवर ठेवलेल्या टँगच्या डोक्यावर आणि कडेच्या रेषेवर कातडी झिजून खड्डे पडू लागतात. आहारातली उणीव हे त्यामागचे एक मुख्य कारण मानतात.

त्याहून मोठे संकट म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, आणि टँग त्याला चटकन बळी पडतात. या रोगाचा एकपेशी परजीवी काही दिवस माशाच्या कातडीत राहतो, मग गळून तळाशी कवच करतो. कवचात त्याची संख्या वाढते आणि फुटल्यावर नवे जीव मासा शोधत पोहतात. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असा समज होतो तो या चक्रामुळे. त्या वेळी परजीवी तळाशी वाढत असतो. टाकी पूर्ण स्वच्छ करायची तर ती सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. त्यापेक्षा प्रत्येक नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे कितीतरी सोपे. तांबे असलेले औषध द्यायचे ते त्या वेगळ्या टाकीतच, मोजणीचा संच हाताशी ठेवून.

मुंबई किंवा चेन्नईहून येणारा मासा तासन्‌तास पिशवीत असतो. त्याच्या श्वासाने पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच उतरतो. त्या आम्लतेत अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी वेगळ्या टाकीत तरंगवून तापमान जुळू द्यावे. खारेपणा पिशवीतल्या पाण्याशी आधीच जुळवून ठेवला, तर पिशवी उघडल्यावर मासा लगेच सोडता येतो. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

कायदा आणि मूळ गाव

टाकीत प्रवाळ ठेवण्याचा मोह होतो. भारतात प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि समुद्रातून आणलेले प्रवाळ किंवा प्रवाळाचे दगड विकणे-बाळगणे गुन्हा ठरतो. कृत्रिम सच्छिद्र दगड मिळतात. त्यांवर जिवाणू तसेच वाढतात आणि शेवाळही उगवते. प्रवाळ नसले की महागडे दिवेही लागत नाहीत. टँगला यात काही कमी पडत नाही, उलट चरायला मोकळे रान मिळते.

मासा कुठून आला, हेही विचारावे. क्लाउनफिश खडकावर अंडी घालतो, त्यांची राखण करतो, आणि त्याची पिल्ले हॅचरीत वाढवता येतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र आपल्याकडे बसवले, नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशची हॅचरी आहे. टँग मात्र अंडी समुद्रात सोडून देतो. त्यांतून निघालेली पारदर्शक पिल्ले आठवडेच्या आठवडे वाहत राहतात आणि त्यांच्या इवल्या तोंडात मावेल असे खाद्य तयार करणे जिकिरीचे. पिवळा टँग बंदिस्त पाण्यात पहिल्यांदा वाढवला गेला तो २०१५ मध्ये हवाईत, निळा २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात. त्यामुळे दुकानातले बहुतेक टँग आजही समुद्रातून पकडलेले असतात. आग्नेय आशियाच्या काही भागांत सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. असा मासा दुकानात ठीक दिसतो आणि घरी आल्यावर काही आठवड्यांत दगावतो. दुकानात मासा खाताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रवाळांसाठी टँगचे मोल मोठे आहे. शेवाळ वाढले की प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला खडक उरत नाही. टँग आणि पोपटमासे ते शेवाळ खाऊन जागा मोकळी ठेवतात. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. अशा ठिकाणी प्रवाळ पुन्हा उभे राहायला चरणारे मासे हवेत.

मग आणायचा की नाही?

आणावा, पण वर्षाचा क्रम लावून. दिवाळीनंतर टाकी उभी करावी. जानेवारीत क्लाउनफिशची हॅचरीतली जोडी सोडावी. गुढीपाडव्यापासून पोळ्यापर्यंत टँगशिवाय टाकी चालवावी आणि रोज सकाळ-दुपार तापमान व खारेपणा वहीत लिहावा. नवतपा, मृगाची उमस, श्रावणातला दमटपणा आणि एखादी लांबलेली वीजकपात या काळात येऊन जातात. एवढे होऊनही पाणी २८ अंशांखाली आणि खारेपणा ३५ ग्रॅमच्या आसपास राहिला असेल, तर पोळ्यानंतर एक स्कोपास किंवा पिवळा टँग आणायला हरकत नाही. वहीतले आकडे २८ अंशांच्या वर रेंगाळत असतील तर आधी चिलर घ्यावा किंवा टँगचा बेत सोडावा. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आणि मत्स्यविज्ञान महाविद्यालय दोन्ही नागपुरातच आहेत, त्यामुळे शंका विचारायला जाणकार माणसे गावातच आहेत.

ज्यांच्याकडे पाच फुटांची जागा नाही किंवा जूनमध्ये चिलरचे बिल भरायची तयारी नाही, त्यांनी तीन फुटांच्या टाकीत क्लाउनफिशची जोडी सांभाळावी. ती हॅचरीतली असते, वर्षानुवर्षे जगते आणि मुलांना निमोही मिळतो. टँग त्यांनी समुद्रातच राहू द्यावा.